गोविंद बल्लाळ देवल : परक्या नाटकाला मराठी घर देणारा शिक्षक



आज एका नाटककाराची ओळख करून घेऊया. पण त्याआधी आमच्या शाळेतला एक छोटा प्रसंग सांगते.

आमची शाळा सोलापूर शहराला लागून असलेल्या एका गावात आहे. वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं आहेत, कन्नड बोलणारी आहेत, उर्दू बोलणारी आहेत आणि मराठी तर आहेतच. कुणाचे वडील यंत्रमागावर जातात, कुणाची आई घरी विड्या वळते, कुणाचं घर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातं. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी मी शेक्सपिअरच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याची गोष्ट निवडली. एका पुस्तकातून मराठी संवाद उतरवून घेतले आणि मुलांकडून पाठ करून घेतले. मुलं बिचारी अँटोनिओ, बॅसॅनिओ म्हणता म्हणता अडखळायची. जहाज बुडाल्याचं वाक्य तर इतकं कोरडं म्हणायची की विचारू नका. समुद्रच बघितला नाही, तर जहाज बुडाल्याचं दुःख कुठून येणार?

तालमीच्या चौथ्या की पाचव्या दिवशी एका मुलाने विचारलं, बाई, जहाजाऐवजी टॉवेल भरलेला ट्रक उलटला तर चालेल का? मी हो म्हटलं, आणि मग काय! अर्ध्या तासात अँटोनिओचा अनंतशेठ झाला, पोर्शियाची पार्वती वकील झाली आणि सावकार तर मुलांना आधीपासूनच ठाऊक होता. संमेलनाच्या दिवशी ट्रक उलटल्याची बातमी आली तेव्हा समोर बसलेल्या पालकांच्या तोंडून चुकचुकल्याचा आवाज आला. गोष्ट चारशे वर्षांपूर्वीची, परदेशातली, पण त्या दिवशी ती आमच्या गावची झाली होती.

हे काम आमच्या मुलांनी अर्ध्या तासात केलं. पण आपल्या मराठीत एका माणसाने हे काम आयुष्यभर केलं आणि त्यातून मराठी रंगभूमीला तिची काही उत्तम नाटकं मिळाली. विशेष म्हणजे तोही आपल्यासारखाच एकेकाळी शाळामास्तर होता. त्यांचं नाव गोविंद बल्लाळ देवल.

थोडक्यात परिचय

पूर्ण नाव : गोविंद बल्लाळ देवल
जन्म : १३ नोव्हेंबर १८५५, हरिपूर (सांगलीजवळ)
मृत्यू : १४ जून १९१६
ओळख : नाटककार, नाट्यशिक्षक, काही काळ शाळेत शिक्षक
प्रमुख नाटके : दुर्गा, मृच्छकटिक, विक्रमोर्वशीय, झुंजारराव, शापसंभ्रम, शारदा, संशयकल्लोळ

हरिपूर ते बेळगाव

सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांचा संगम आहे. त्या संगमावरचं गाव म्हणजे हरिपूर. देवलांचा जन्म इथला. दोन नद्यांच्या संगमावर जन्मलेल्या माणसाने पुढे आयुष्यभर दोन प्रवाह एकत्र आणण्याचंच काम करावं, हा योगायोग मुलांना सांगायला छान आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. देवलांच्या जन्माआधी बारा वर्षे, म्हणजे १८४३ साली, सांगलीतच विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवर हे नाटक केलं होतं. मराठी रंगभूमीची सुरुवात आपण तिथून धरतो आणि म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन असतो. त्या नाटकामागेही कर्नाटकातून आलेल्या खेळांची प्रेरणा होती. म्हणजे आपल्या रंगभूमीने पहिलं पाऊल टाकलं तेच शेजारच्या घरातून काहीतरी घेऊन. आमच्या सोलापूरकडच्या लोकांना यात नवल वाटणार नाही. इकडे घरात एक भाषा, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी, हे रोजचंच आहे.

देवलांचं शिक्षण बेळगावला झालं. तेही मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा कानावर पडणारं गाव. तिथे त्यांना एक शिक्षक भेटले, त्यांचं नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजेच अण्णासाहेब किर्लोस्कर. पुढे संगीत शाकुंतल आणि संगीत सौभद्र लिहिणारे तेच हे अण्णासाहेब. देवलांनीही नंतर बेळगावात काही काळ शिक्षकाची नोकरी केली.

शिक्षकमित्रांनो, इथे थोडं थांबूया. शाळेत एखाद्या सरांना नाटकाचं वेड असतं आणि वर्गातला एक मुलगा ते वेड उचलतो. अण्णासाहेबांना त्या वेळी कल्पना तरी असेल का, की समोर बसलेला हा मुलगा आपल्यानंतर आपली नाटक मंडळी सांभाळेल? आपल्यालाही कधी कल्पना नसते, कोणता मुलगा आपल्याकडून काय घेऊन जातोय.

गुरूकडून काय घेतलं?

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेबांच्या संगीत शाकुंतलचा प्रयोग झाला. कालिदासाचं संस्कृत नाटक, पण भाषा मराठी, आणि पात्रं स्वतःच गाणारी. त्याआधीच्या नाटकांत सूत्रधार गायचा आणि पात्रं त्याप्रमाणे हालचाली करायची. आता ज्याचं दुःख तोच गाऊ लागला. ओवी, साकी, दिंडी अशा घराघरांत म्हटल्या जाणाऱ्या चाली रंगभूमीवर आल्या. लोक वेडे झाले.

देवलांनी गुरूकडून दोन गोष्टी घेतल्या. पहिली म्हणजे गाणं साध्या भाषेत असावं, ऐकणाऱ्याला लगेच कळावं. दुसरी म्हणजे जुनं आणि दूरचं नाटक आणायचं असेल तर ते आपल्या चालीवर आणायचं. अण्णासाहेब १८८५ साली गेले. त्यानंतर किर्लोस्कर नाटक मंडळीला नवी नाटकं देण्याची आणि नटांकडून तालीम करून घेण्याची मोठी जबाबदारी देवलांनी उचलली. शूद्रकाच्या संस्कृत मृच्छकटिकाचं त्यांनी संगीत नाटक केलं, आणि वसंतसेना-चारुदत्त ही नावं साध्या माणसांच्याही तोंडी आली.

पण आपला आजचा विषय संस्कृत नाटक नाही. देवलांनी पश्चिमेकडच्या नाटकाचं काय केलं, ते बघायचं आहे.

भाषांतर आणि रूपांतर

आपण सातवी-आठवीच्या मुलांना भाषांतर शिकवतो. इंग्रजी वाक्याचं मराठी करा म्हणतो. रूपांतर मात्र फारसं शिकवत नाही. फरक काय? देवलांच्या काळातलंच उदाहरण घेऊया.

शेक्सपिअरचं ऑथेल्लो हे नाटक महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी १८६७ साली मराठीत भाषांतरित केलं होतं. हे काम मोठंच होतं. शेक्सपिअर मराठीत येतो आहे ही गोष्टच नवी होती. १८८३ साली गोपाळ गणेश आगरकरांनी हॅम्लेटवरून विकारविलसित लिहिलं. म्हणजे त्या काळात इंग्रजी शिकलेल्या मंडळींना हे नाटक आपल्या लोकांपर्यंत न्यावंसं वाटत होतं.

देवलांनी १८८६ साली इझाबेला या इंग्रजी शोकनाटकावरून दुर्गा लिहिलं. नवरा मेला असं समजून गरिबीपायी दुसरं लग्न करावं लागलेली बाई आणि मग परत आलेला पहिला नवरा, अशी मूळ इंग्रजी नाटकाची गोष्ट. विधवेच्या पुनर्विवाहावरून आपल्याकडे घराघरांत वाद चालू असताना ही गोष्ट मराठीत आली. देवलांनी नाटक कसं निवडलं असेल, याचा अंदाज यावरून येतो. जी दुखरी जागा आपल्याकडेही आहे, तिथलीच गोष्ट त्यांनी उचलली.

आणि १८९० साली आलं झुंजारराव. हेच ते ऑथेल्लो. ज्यांनी मूळ नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट दोन ओळींत सांगते. एक शूर सेनापती आहे. त्याचं आपल्या बायकोवर जिवापाड प्रेम आहे. त्याच्या हाताखालचा एक कपटी माणूस त्याच्या मनात संशयाचं बी पेरतो. पुरावा काय, तर बायकोचा हरवलेला एक रुमाल. त्या रुमालापायी सेनापती निरपराध बायकोचा जीव घेतो आणि खरं कळल्यावर स्वतःचाही.

देवलांनी ऑथेल्लोचा झुंजारराव केला आणि डेस्डिमोनाची कमळजा केली. आता ही नावं मोठ्याने म्हणून बघा. झुंजारराव म्हटल्याबरोबर डोळ्यांसमोर घोड्यावरचा मर्द मराठा सरदार येतो, हो ना? कमळजा म्हटलं की एक हळवी, सरळ मनाची मुलगी दिसते. नाव बदलल्याबरोबर माणसाचं घर, गाव, बोलणं, रागावणं सगळंच बदलतं. मग तो सेनापती मराठी नवऱ्यासारखा संशय घेऊ लागतो आणि ती मराठी बायकोसारखी गप्प राहते. समोर बसलेल्या प्रेक्षकाला ही परदेशातली भानगड आहे असं म्हणून अंग काढून घेता येत नाही. रूपांतराचा खरा फायदा हाच आहे.

तिकडे जपानमध्येही असंच घडत होतं

आता एक गंमत सांगते, जी मला फार उशिरा समजली. झुंजाररावानंतर तेरा वर्षांनी, म्हणजे १९०३ साली, जपानमध्ये टोकियो शहरात ओतोजिरो कावाकामी नावाच्या नटाने हेच ऑथेल्लो रंगभूमीवर आणलं. त्यानेही नावं जपानी केली, माणसं त्या काळच्या जपानमधली केली. मूळ नाटकातला सेनापती सायप्रस बेटावर जातो, तर कावाकामीचा सेनापती तैवानकडे जातो, कारण तैवान तेव्हा नुकतंच जपानच्या ताब्यात आलं होतं.

जपानकडे स्वतःची नाटकाची जुनी परंपरा होती. मुखवटे घालून, अगदी संथ पावलं टाकत केलं जाणारं नो नाटक आणि भडक रंगभूषा, नाच, वाद्यं असलेलं काबुकी. आपल्याकडे दशावतार, लळित, तमाशा, कीर्तन होतं तसंच. काबुकीत स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत, आपल्याकडेही तेच. कावाकामीच्या ऑथेल्लोत मात्र नायिकेचं काम त्याची पत्नी सादायाक्को हिने केलं. एखाद्या बाईने रंगभूमीवर उभं राहणं ही तिथे तेव्हा मोठीच गोष्ट होती.

म्हणजे बघा, एकमेकांची नावंही माहीत नसलेली दोन माणसं. एक कृष्णाकाठचा, एक जपानचा. दोघांनी एकच इंग्रजी नाटक हातात घेतलं आणि दोघांनी तोच प्रश्न सोडवला : हा माणूस आमच्या गावात राहत असता तर कसा वागला असता? जपानमध्ये हे काम पुढेही चालू राहिलं. १९५७ साली अकिरा कुरोसावा या दिग्दर्शकाने शेक्सपिअरच्या मॅकबेथवरून सिनेमा काढला, त्यात गोष्ट शेक्सपिअरची, पण चेहऱ्यांवरचे भाव आणि चालणं-बसणं नो नाटकातलं. जगभर त्या सिनेमाचं नाव झालं. आपलं सोडून दिलं असतं तर ते झालं नसतं.

एक रुमाल, एक तसबीर

आता देवलांच्या सगळ्यात लाडक्या नाटकाकडे येऊया. झुंजाररावानंतर तीन वर्षांनी, १८९३ साली, देवलांनी फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा हे गद्य नाटक लिहिलं. त्याचा प्रवास फार मजेशीर आहे. १६६० साली पॅरिसमध्ये मोलिएर या फ्रेंच नाटककाराने एका संशयी नवऱ्याचं प्रहसन लिहिलं. १७६१ साली लंडनमध्ये आर्थर मर्फीने त्याच्यावरून इंग्रजी नाटक केलं. त्या इंग्रजी नाटकावरून देवलांनी मराठी नाटक केलं. पॅरिसहून लंडन, लंडनहून महाराष्ट्र, आणि एवढा प्रवास करून आलेला पाहुणा आपल्या ओसरीवर मांडी घालून बसला की जणू जन्मापासून इथलाच!

गोष्ट काय? रस्त्यात एक तरुणी चक्कर येऊन पडते. फाल्गुनराव तिला सावरतात. नेमकं त्यांची बायको कृत्तिका ते बघते. तिच्या मनात संशय. त्या तरुणीजवळची एका पुरुषाची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते. बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर बघून फाल्गुनरावांच्या मनात संशय. तिकडे ती तरुणी रेवती आणि तिचा प्रियकर अश्विनशेठ यांच्यातही संशय. चौघेही एकमेकांवर संशय घेतात आणि चौघेही चुकतात.

आता रुमाल आणि तसबीर शेजारी-शेजारी ठेवून बघा. ऑथेल्लोच्या गोष्टीत एका रुमालावरून घर जळतं. संशयकल्लोळात एका तसबिरीवरून घरभर हसू फुटतं. आजार एकच, संशयाचा. एकाच माणसाने तीन वर्षांच्या अंतराने त्याच आजारावर एकदा रडवलं आणि एकदा हसवलं. मग फरक कुठे पडतो? माझ्या मते बोलण्यात पडतो. झुंजाररावाला प्रश्न समोरासमोर विचारायचाच नसतो, तो दुसऱ्याच्या सांगण्यावर चालतो. फाल्गुनरावांच्या घरात मात्र सगळे भांडतात, ओरडतात, आरोप करतात, आणि त्या भांडणातूनच शेवटी खरं बाहेर येतं. पालकहो, घरात मुलांसमोर थोडं भांडण झालं तरी चालेल, पण मनातल्या मनात संशय धरून बसू नये, एवढा धडा यातून घ्यायला हरकत नाही.

आणि पात्रांच्या नावांची गंमत लक्षात आली का? फाल्गुनराव, अश्विनशेठ, नोकर भादव्या हे मराठी महिने. कृत्तिका, रेवती ही नक्षत्रं. फ्रेंच नाटकातल्या माणसांना देवलांनी थेट आपल्या पंचांगात बसवलं! मुलांना मराठी महिने आणि नक्षत्रं पाठ करायला यापेक्षा चांगला धागा मला तरी सापडलेला नाही.

पुढे गंधर्व नाटक मंडळीसाठी देवलांनी याच नाटकात पदं घालून त्याचं संगीत संशयकल्लोळ केलं. गणपतराव बोडस फाल्गुनराव झाले आणि बालगंधर्व रेवती. नाटक रंगभूमीवर आलं ते १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये. पण देवल त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते. ज्या नाटकाला महाराष्ट्र शंभर वर्षांहून जास्त काळ हसतो आहे, त्याचा संगीत प्रयोग बघायला त्याचा लेखक नव्हता.

मग त्यांनी स्वतःच्या घराकडे पाहिलं

आतापर्यंत वाचून एखाद्याला वाटेल, की देवलांचं स्वतःचं काय? सगळं तर दुसऱ्याचं. कालिदासाचं, शूद्रकाचं, शेक्सपिअरचं, मोलिएरचं. बरोबर आहे. देवलांनी जवळजवळ सगळी नाटकं दुसऱ्यांवरून घेतली. स्वतंत्र असं एकच नाटक लिहिलं. पण ते नाटक होतं शारदा.

१३ जानेवारी १८९९ रोजी इंदूरला किर्लोस्कर नाटक मंडळीने संगीत शारदाचा पहिला प्रयोग केला. देव नाहीत, राजे नाहीत, अप्सरा नाहीत. एका गरीब भिक्षुकाच्या घरातली कोवळी मुलगी आणि तिला बायको करून घ्यायला निघालेला श्रीमंत म्हातारा. मधे पैसे घेऊन जुळवाजुळव करणारा दलाल. मुलीच्या बापाचं नाव कांचनभट, कांचन म्हणजे सोनं. म्हाताऱ्याचं नाव भुजंगनाथ, भुजंग म्हणजे साप. नावांतच सगळी गोष्ट आली. बापाने सोन्याकडे बघितलं आणि मुलीला सापाच्या पदरात टाकलं.

त्या काळी याला जरठ-कुमारी विवाह म्हणत. जरठ म्हणजे म्हातारा. बायको वारली की साठीतला माणूसही दहा-बारा वर्षांच्या मुलीशी लग्न करायचा. मुलीला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. नाटकात कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडतो. पण लग्न मोडलं म्हणून शारदेची सुटका होत नाही. अर्धवट लग्न लागलेल्या मुलीला आता कोण करून घेणार? ती नदीकडे जीव द्यायला निघते. तिथे तिला वाचवलं जातं आणि शेवटी कोदंडाशी तिचं लग्न होतं.

माझा एक अंदाज सांगते, पटतो का बघा. देवलांनी आधीची बारा-तेरा वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टींत आपली माणसं कशी दिसतील, याचाच अभ्यास केला. इझाबेलात दुर्गा बघितली, डेस्डिमोनात कमळजा बघितली. परक्या देशातल्या निरपराध बाईचं दुःख मराठी प्रेक्षकाला कळावं म्हणून रात्री जागवल्या. अशा माणसाला एके दिवशी शेजारच्या वाड्यातली शारदा दिसल्याशिवाय कशी राहील? दुसऱ्याचं दुःख आपल्या भाषेत आणायची सवय लागली, की मग आपल्याच घरातलं, रोज बघून न दिसणारं दुःखही दिसू लागतं.

एक गैरसमज दूर करूया

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे वाचलं असेल किंवा ऐकलं असेल, की बालविवाहाविरुद्धचा शारदा कायदा देवलांच्या नाटकावरून आला. मीही दोन-तीन वर्षं वर्गात असंच सांगत होते. ते चूक आहे. १९२९ सालचा तो कायदा अजमेरचे हरबिलास सारडा यांनी मांडलेल्या विधेयकातून आला, म्हणून त्याला सारडा कायदा म्हणतात. मराठीत सारडाचं शारदा झालं आणि नाटकाशी जोडलं गेलं. त्या कायद्याने मुलीचं किमान वय १४ आणि मुलाचं १८ ठरवलं आणि तो १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. १९७८ साली ही वयं मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ झाली. सध्या लागू असलेला बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे.

नाटक त्या कायद्याच्या तीस वर्षं आधीचं आहे. कायदा नाटकामुळे झाला नाही, पण ज्या लोकांनी शारदेसाठी डोळे पुसले, त्यांच्या मनात कायद्यासाठी जागा आधीच तयार झाली असणार. आपलं शिक्षकांचं कामही बहुतेक असंच असतं. आपण जागा तयार करतो.

वर्गात काय करता येईल?

१. मराठी रंगभूमी दिन ५ नोव्हेंबर आणि देवलांचा जन्मदिवस १३ नोव्हेंबर. हे दिवस दिवाळीच्या सुट्टीत आले तर शाळा सुरू झाल्यावरच्या आठवड्यात देवलांची ओळख करून द्या.
२. मुलांना एक परदेशी गोष्ट सांगा आणि ती आपल्या गावात घडवायला लावा. नावं, काम-धंदा, जेवण, भांडण सगळं गावचं हवं. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना आधी त्यांच्या भाषेत सांगू द्या. ही मुलं रूपांतरात सगळ्यात पुढे असतात, कारण ती रोज तेच करत असतात.
३. संशयकल्लोळातल्या पात्रांच्या नावांवरून मराठी महिने आणि नक्षत्रांचा तक्ता करून घ्या.
४. वरच्या वर्गांत शारदेची गोष्ट सांगा. फक्त सांगा, लगेच तात्पर्य देऊ नका. मुलींना बोलू द्या.

हा चौथा मुद्दा मी का लिहिला, ते सांगून थांबते.

मागच्या वर्षी मी सातवीच्या वर्गात शारदेची गोष्ट सांगत होते. जुन्या काळी असं होतं बरं का, अशा सुरात. गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, बाई, शारदेला शाळेत कुणी शोधायला आलं नाही का?

मला उत्तर देता आलं नाही. कारण त्याच्या दोन वर्षं आधी माझ्याच वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर आली नव्हती. घरचे कोयत्यावर गेले असतील, असं मी धरून चालले. शेरा लिहिला, स्थलांतर. दरवर्षी चार-पाच मुलांपुढे लिहितो तसाच. उन्हाळ्यात घरचे परतले, पण ती आली नाही. तिचं लग्न झाल्याचं मला पुढच्या जूनमध्ये कळलं. मी एकदाही तिच्या घरी गेले नव्हते. एक फोन केला असता तरी चाललं असतं. कांचनभट, भुजंगनाथ, दलाल यांच्यावर मी वर्गात एवढी चिडून बोलत होते, आणि या गोष्टीत शाळेतल्या बाईचं पात्रही असू शकतं हे मला त्या मुलीने दाखवून दिलं.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. सुट्टीनंतर मुलगी आठवडाभर आली नाही, तर शेरा लिहिण्याआधी घरी जायचं. स्थलांतर असेल तर ती कुठल्या कारखान्यावर गेली, तिथे तिची शाळा कुठली, इथे कुणाकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकते का, ते विचारायचं. लग्नाची कुणकुण लागली तर गावपातळीवर ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, अंगणवाडीताई मदतीला असतात, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे. हे आपल्याला माहीत असतं, पण वेळेवर आठवत नाही. म्हणून मी माझ्या हजेरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

देवलांनी सातासमुद्रापारची डेस्डिमोना शोधून तिला कमळजा केलं, मराठी माणसाला तिच्यासाठी रडायला लावलं. आपल्याला एवढ्या लांब जायची गरज नाही. आपली शारदा हजेरीपटात आहे, तिसऱ्या किंवा सतराव्या क्रमांकावर. ती आज आली आहे का, एवढंच बघायचं आहे.